पाणथळ रानातील लाजाळू आवाज

४ ऑगस्ट, रविवार
निसर्गमंडळाचे जुने मार्गदर्शक मुलीकडे कायमचे राहावयास गेले. त्यांचा हिरवा बिल्ला त्यामुळे रिकामा झाला आहे. बिल्ला ज्याच्या छातीवर, तो रविवारी पाणथळ रानातील फळ्यांच्या पायवाटेवर सर्वांच्या पुढे चालतो व झाडापाखरांची नावे सांगतो. या कामास वाचन दांडगे आणि उच्चार स्वच्छ असलेला मनुष्य हवा. असा मनुष्य मंडळात एकच आहे. विनयास्तव नाव लिहीत नाही.

दुसरे इच्छुक आमचे व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील. जन्मभर विमा विकला. नेचे व लव्हाळे यांतील भेद त्यांस कळत नाही. कोणी विचारलेच, तर "नाव काय आहे कोण जाणे, पण दिसतंय झकास" असे म्हणतात, आणि लोक त्यांच्याभोवती गोळा होतात.

चिटणीसबाई व्यवसायाने दंतवैद्य आहेत. आपण बोलू लागलो की त्यांची नजर आपल्या दाढांकडे जाते. त्यांनी निकाल दिला, की महिनाअखेरपर्यंत दोघांपैकी जो मंडळाच्या यादीत नसलेला जीव दाखवील, त्यास बिल्ला. मात्र दोन सभासदांनी एकाच वेळी पाहिले वा ऐकले असेल, तरच नोंद ग्राह्य. हा मंडळाचा जुना नियम.

संकल्प : उद्यापासून रोज सकाळी रानात जाणे.

५ ऑगस्ट
पाऊस. संकल्प उद्यावर.

६ ऑगस्ट
कुजक्या ओंडक्यावर पिवळे अळंबे. पुस्तकाप्रमाणे त्याची कडा आत वळलेली असावयास हवी. याची बाहेर वळली होती. बराच वेळ पडताळून पाहिले. पुस्तक बरोबर आहे. अळंबे चुकले आहे.

पुढे लव्हाळ्यांत एक तपकिरी प्राणी दबा धरून बसलेला. बहुधा पाणमांजर. हालचालीची वाट पाहत उभा राहिलो. प्राण्याचा संयम विलक्षण. घरी आल्यावर व्याह्यांचा फोन : "व्याहीबुवा, माझी तपकिरी टोपी कुठे दिसली का हो? काल रानात वाऱ्याने उडाली." दिसली नाही, असे सांगितले. टोपी म्हणून दिसली नव्हती, हे सत्यच आहे.

सौभाग्यवतींची नेहमीची कुरकुर. उजव्या गमबुटाला टाचेपाशी चीर गेली आहे, मोजा पिळला तर पेलाभर पाणी निघते, नवे बूट घ्या. या गमबुटांनी मला कधीही दगा दिलेला नाही. चीर लहान आहे.

९ ऑगस्ट, सकाळी
महत्त्वाची नोंद.

पायवाटेच्या खोलगट भागात, फळ्या जेथे पाण्याखाली जातात, तेथे एक अपरिचित आवाज ऐकला : "कुईच्-फस्". पहिल्या भागात दीर्घ ईकार, दुसऱ्यात हलन्त सकार, मध्ये अल्प विराम. पाणकोंबडी नव्हे, टिटवी नव्हे. बेडूक असावा. पुस्तकात असा बेडूक नाही.

वाकून पाहण्यासाठी थांबलो, तर तोही थांबला. अत्यंत लाजाळू जीव.

१२ ऑगस्ट
तीन दिवसांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष :
हा जीव केवळ पाणथळ जागी ओरडतो. कोरड्या चढावर थोडे अंतर क्षीण ओरडून गप्प होतो.
निरीक्षक भरभर चालला, तर तोही भरभर ओरडतो. हे उत्तेजित होण्याचे लक्षण.
निरीक्षक थांबताच मौन.
तो सदैव उजव्या बाजूस असतो. कारण अज्ञात.

सौभाग्यवतींस वाचून दाखविले. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, एकदा डाव्या पायाने लंगडी घालून बघा बरं." विज्ञानाची थट्टा करणे सोपे असते.

१५ ऑगस्ट
अद्भुत. आवाज आज आमच्या इमारतीच्या जिन्यात ऐकला. खाली नळावर बूट धुऊन वर येत होतो. पहिल्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत तो बरोबर आला. अधिवासाबाहेरील पहिली नोंद. दार सौभाग्यवतींनी मी बेल वाजविण्यापूर्वीच उघडले. तुम्हाला कसे कळले, असे विचारता त्या म्हणाल्या, "कळलं." फरशी पुसावयाचे फडके त्यांच्या हातात आधीच होते.

एवढ्या वर्षांच्या सहवासाने माणसास अंतर्ज्ञान प्राप्त होते.

१९ ऑगस्ट
साक्षीदार हवा. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला : "मी आले तर मला खरं बोलावं लागेल." निरुपायाने व्याह्यांस विचारले. प्रतिस्पर्धी असूनही मनुष्य लगेच तयार झाला. त्यांच्या भोळेपणाची कीव आली.

२१ ऑगस्ट
व्याह्यांसह रानात. त्यांना पुढे घातले, मी मागे. खोलगट भागात येताच "कुईच्-फस्". ऐकलेत ना, असे विचारले. ते वळले, माझ्या पायांकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले. म्हणाले, "ऐकलं बुवा. जवळच आहे अगदी." पुन्हा विचारले, यादीत नाही ना? म्हणाले, "यादीत कुठला असायला." मग सावकाश म्हणाले, की मंडळापुढे नेण्याआधी एकदा बूट बदलून येऊन पाहावे, जीव बुजत नाही ना, ते कळेल.

डाव ओळखला. भिन्न बुटांनी जीव बुजावा आणि बिल्ला त्यांस मिळावा. नम्रपणे नाही म्हटले. चिटणीसबाईंस संध्याकाळीच कळविले, की नोंद सिद्ध आहे, रविवारी सर्वांनी यावे.

२४ ऑगस्ट
बिल्ला स्वीकारताना करावयाचे भाषण लिहिले. चार पाने. कोठेही खाडाखोड नाही.

२५ ऑगस्ट, रविवार, दुपार
सर्व मंडळी आली. आवाज आला. सर्वांनी ऐकला.

चिटणीसबाईंनी सर्वांस थांबविले व मला एकट्यास चालावयास सांगितले. चाललो. आवाज आला. मला थांबवून इतरांस चालविले. आला नाही. नंतर, दात उपटण्यापूर्वी बोलतात तशा मऊ आवाजात, मला बूट काढावयास सांगितले. मोज्यांवर चाललो.

आला नाही.

कोणी हसले नाही. हसते तर बरे झाले असते. व्याह्यांनी उजवा बूट उचलून उलटा केला. पाणी पडले, शेवाळ पडले, आणि एक इवलासा बेडूक पडला. चिटणीसबाईंनी वाकून पाहिला. जात अगदी सामान्य. यादीत आहे.

भाषण खिशात ओले झाले.

२६ ऑगस्ट
तत्त्वतः पाहता माझे निदान पूर्णपणे चुकले नाही. आवाजाच्या ठिकाणी बेडूक होताच.

रानात गेलो नाही. पाय दुखतो. कोणता, ते ठरावयाचे आहे.

१ सप्टेंबर
बिल्ला व्याह्यांस. कोणताही जीव न दाखविता. चिटणीसबाई म्हणाल्या, की माहीत नाही असे सांगणारा मार्गदर्शक मंडळास प्रथमच मिळत आहे. मी टाळ्या वाजविल्या. योग्य तितक्याच.

३ सप्टेंबर, सायंकाळ
व्याही घरी आले. चहा घेतला. सौभाग्यवतींशी बागेतल्या गोगलगायींबद्दल बोलत बसले. गोगलगायींविषयी त्यांस काहीही ठाऊक नाही. मग मजकडे वळले. म्हणाले, "व्याहीबुवा, माझी एक अडचण आहे. पुढे चालताना मागे बघायला मान वळवली, की पाय फळीवरून सुटतो. मागे कोण राहिलं, ते कळतच नाही. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी चालाल का? तुमचा बूट वाजतोय तोवर सगळे येताहेत, असं मी धरेन. मला तेवढाच धीर." बूट मात्र दुरुस्त करू नका, असेही बजावले.

विचार करून कळवितो, म्हणालो. ते जिना उतरण्यापूर्वी कळविले.

रांगेचे शेवटचे टोक हे, बारकाईने पाहता, अधिक जबाबदारीचे पद आहे. पुढच्यास केवळ पुढचे दिसते. सौभाग्यवतींनी काल आणलेले नवे गमबूट मी दुकानात परत केले. त्यांनी कारण विचारले नाही; जुन्या मोज्यांची एक जोडी तेवढी पुढे केली.

८ सप्टेंबर, रविवार
पदाचा पहिला दिवस. खोलगट भागापर्यंत कामगिरी निर्दोष.

तेथे एका बुंध्यावर तसेच पिवळे अळंबे दिसले, व या वेळी त्याची कडा आत वळलेली. पुस्तक काढून पडताळण्यासाठी क्षणभर थांबलो. पुढे काय झाले, ते एवढेच : बूट थांबला, आवाज थांबला, आणि सर्व रांग धावत परत आली. सर्वांत पुढे व्याही, घामाघूम, एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात बुडालेला. माझे दोन्ही दंड घट्ट धरून मी पडलो तर नाही ना, असे विचारत राहिले. मी त्यांस अळंबे दाखविले. धापा टाकीतच ते म्हणाले, "झकास आहे."

गर्दीत अळंबे कोणाच्या तरी पायाखाली गेले.

तेथेच सभा भरली. यापुढे शेवटच्या सभासदास काही न्याहाळण्यासाठी थांबावयाचे झाल्यास, त्याने जागच्या जागी पाय हलवीत राहावे, असा ठराव चिटणीसबाईंनी मांडला. सर्वांनी हात वर केले. मीही केला.