केसाच्या जाडीचे चर

प्रिय छोट्या,

तुझा निरोप आईने पोचवला. उत्तर देणारच आहे, पण आधी थोडं बोलायचंय. मध्येच "ताई, मुद्द्याचं बोल" म्हणायला तू समोर नाहीस, हे एका परीने बरंच झालं.

तू शर्यतीच्या गावी जाऊन बसल्यापासून इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण ते रोज आपल्या होड्यांच्या यार्डात जातात. उलटी घातलेली होडी दिसली की तिच्या तळावरून तळहात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तळात चेहरा दिसला पाहिजे, हे त्यांचं अजूनही ठाम मत. लहानपणी एकाच होडीची एक बाजू तुला आणि एक मला देऊन ते ओला पॉलिश पेपर घासायला लावायचे. तू वरवर हात मारून पळायचास आणि तुझी राहिलेली बाजू मी निमूट पुरी करायचे. बाबा येऊन तुझीही पाठ थोपटायचे. मला तेव्हा राग यायचा नाही. तू धाकटा होतास, आणि हसलास की सगळं माफ व्हायचं.

त्या घासण्यातूनच माझ्या डोक्यात तो किडा शिरला. पुढे शिकून मी पाण्याच्या टाकीवर नोकरीला लागले. आमची टाकी तू पाहिली आहेस: रस्त्याएवढी लांब, वर रूळ, रुळांवरून धावणारा गाडा आणि त्याला अडकवलेला होडीचा छोटा नमुना. पाणी नमुन्याला किती मागे ओढतं, ते आम्ही मोजतो. शेवाळ धरलेला तळ होडीला अक्षरशः धरून ठेवतो, गुळगुळीत तळ पुष्कळ सोडतो, इतकं बाबांनाही ठाऊक होतं. मला पुढचं सापडलं. वेगात पळणाऱ्या तळाला लागून पाण्याचे बारीक भोवरे घुसळत असतात, आणि तेच होडीला मागे खेचतात. तळावर पाण्याच्या दिशेने अगदी बारीक, उभे, धारदार कडांचे चर पाडले, तर ते भोवरे चरांत उतरत नाहीत, कडांवरच तरंगत राहतात आणि ओढ कमी होते. शार्कच्या कातडीवर असंच असतं. असे चर असलेली पातळ फिल्म मी बनवून घेतली, नमुन्यावर चिकटवली आणि गाडा सोडला. ओढ कमी झालेली दिसली, तेव्हा सगळ्यात आधी फोन तुला केला होता. तू फोनवर ओरडलास, "ताई, आपण जिंकलो!" तो "आपण" ऐकून मी वेडी झाले रे. फिल्मचा उरलेला अख्खा गुंडाळा मी आपण होऊन तुझ्या हातात ठेवला.

नंतर शर्यतवाल्यांच्या क्लबच्या सभेत तू माइक घेऊन उभा राहिलास. पहिल्या रांगेत आईबाबा, तिसऱ्या रांगेत मी. समुद्रात पोहताना शार्कच्या अंगावरून हात फिरला आणि ही कल्पना सुचली, असं तू सांगितलंस. मासळीच्या वासाने ज्याला ओकारी येते, त्याने शार्कला कुरवाळलं! मला हसू येत होतं. माझं नाव आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट पाहत राहिले. तू आभार मानलेस ते रंगवाल्याचे. टाळ्या वाजवून बाबांचे हात लाल झाले. घरी आल्यावर मी तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, "घरातल्या घरात कसला हिशेब? त्याचं नाव झालं म्हणजे तुझंच झालं." आई तुला वाढत होती आणि तू मान खाली घालून जेवत होतास.

तरीही तू होडीला फिल्म चिकटवायला घेतलीस, तेव्हा मी फोन केला. तो गुंडाळा नमुन्यासाठी होता. नमुना सावकाश चालतो, म्हणून त्याचे चर एकमेकांपासून लांब. खरी होडी वेगात पळते, तिला चर जवळजवळ हवेत, केसाच्या जाडीइतके. लांबचे चर वेगात गेले की भोवरे त्यांत खुशाल उतरतात, आणि ओढ कमी व्हायची ती उलट वाढते. हे सगळं सांगायला फोन केला होता. "तो गुंडाळा..." इतकंच मी बोलले आणि तू म्हणालास, "ताई, तुझं काम झालंय. आता नाक खुपसू नकोस." मी फोन ठेवला. मग कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही, हे आज स्पष्ट लिहिते.

ती मागची शर्यत मी धक्क्यावरून दुर्बिणीने पाहिली. वारा छान होता, सुकाणू तू झकास धरलं होतंस. तुझ्या हातात जादू आहे हे मी कधीच नाकारलं नाही. पण वारा वाढला तशी होडी जड होत गेली. ज्यांना तू "रडतखडत काकू" म्हणायचास, त्या पलीकडच्या यार्डातल्या काकूंची साध्या घासलेल्या तळाची होडी तुझ्या शेजारून शांतपणे निघून गेली. तू कडेवरून वाकून पाण्यात, तळाच्या बाजूला पाहिलंस. छोट्या, दुर्बीण खाली ठेवायचं मनातही आलं नाही.

आणि मग तू तोच माइक पुन्हा हातात घेतलास. सगळ्या क्लबसमोर म्हणालास, "चर माझे नव्हते. कल्पना ताईची, हिशेब ताईचा, चूकही ताईचीच." सभेत जे तुला जमलं नाही, ते हरल्यावर एका दमात जमलं. बाबा माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच होडी बुडवली. काकू मात्र गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझेच आहेत ना ते? मग मला बरोबर करून दे." चर कुणाचे हे त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं, आणखी कुणाला विचारायची गरजच उरली नव्हती. मी टाकीवर पुन्हा मोजलं, केसाच्या जाडीच्या चरांची फिल्म बनवून घेतली आणि काकूंच्या होडीला स्वतः चिकटवली. पुढच्या शर्यतीत ती तुझ्या शेजारी उभी असेल. तिच्या तळावर, पाण्याखाली, माझं नाव आहे.

आता तुझा निरोप. "ताईला म्हणावं, चरांमधलं बरोबर अंतर तेवढं कळव, शेवटी आपण एका रक्ताचे." उत्तर आहे, नाही. मी हे आईजवळही सांगू शकले असते. पण आईला मी ओळखते. माझा नकार तुझ्यापर्यंत पोचेतो तिने त्याचा "बघते म्हणाली", मग "मनातून तयार आहे, थोडी रुसलीये" असा कधीच लाडू वळला असता आणि तू शर्यतीच्या सकाळपर्यंत माझी वाट पाहत बसला असतास. तशी वाट पाहायला लावायचाही मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण मला तो नकार तुझ्या हातात, माझ्या अक्षरात, साखर न लावता हवा होता. म्हणून हे पत्र. नाही, छोट्या. यंदा नाही, पुढेही नाही.

तुझीच,
ताई