घंगाळातला दक्षिण समुद्र

वाशी,
१६ फेब्रुवारी १९८५

ती. आप्पांच्या चरणी,

जावई अरविंदचा, कंबर परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार. (हात पायांपर्यंत पोचले नाहीत तरी पोचले असं समजावं. कारण पुढे येतं आहे.) कराडची थंडी ओसरली का, जाताना आपला खोकला बरोबर घेऊन गेली का, आणि आईंचे गुडघे काय म्हणतात, ते कळवावं. मी मजेत आहे. सकाळी पोहे करतो आणि रात्रीपर्यंत तेच खातो.

आधी मोठी बातमी. सुनीतीचं जहाज बर्फातून सुटलं. काल तिच्या ऑफिसातून तसा निरोप आला. आता आपण विचाराल, अडकलं होतं कधी? तर तेच सांगायला बसलो आहे. त्यात माझी जी शोभा झाली, ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळलेली बरी.

डिसेंबरात आपली लेक गोव्याहून अंटार्क्टिकाला बर्फ मोजायला गेली आणि इकडे सोसायटीत मी थोर माणूस झालो. बर्फात ती, आणि जिन्यात नमस्कार मला. (फ्रिजमधला बर्फाचा ट्रे मला अजून गरम पाण्याखाली धरल्याशिवाय सोडवता येत नाही.) अशात आमचे सेक्रेटरी बाजीराव वर आले आणि म्हणाले, "साहेब, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की अर्धा तास बोला. तिकडची वादळं, बर्फ, असं कायतरी. टेन्शन नाय घ्यायचं." मला नाही म्हणता येत नाही, हे लग्नाच्या याद्या करताना आपल्या लक्षात आलंच असेल.

आता माझं या विषयातलं ज्ञान म्हणजे, सुनीती जेवताना जे सांगायची आणि मी आमटी भुरकत ज्याला हं म्हणायचो, तेवढंच. तिकडचा हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो. तेव्हा समुद्रावर गोठलेल्या बर्फावर वादळं चालून येतात. लाटांनी बर्फ फुटतो, वारा ते तुकडे एका बाजूला रेटून एकावर एक चढवतो, आणि दुसरीकडे जे पाणी उघडं पडतं तिथे थंडीने पुन्हा नवा बर्फ धरतो. वर हिम पडलं तर ते गोधडीसारखं काम करतं. वरची कडक थंडी खाली पोचू देत नाही, त्यामुळे खालचा बर्फ जाड व्हायला कुचराई करतो. (बर्फाला गोधडी, हे ऐकून मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो. त्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती.)

नुसतं बोललो तर पाच मिनिटांत संपेल, म्हणून मी प्रयोग करून दाखवायचा ठरवला. समुद्र म्हणून आपण लग्नात दिलेलं पितळी घंगाळ. ते मी एकट्याने तीन जिने उतरवलं. (कंबर.) वादळ म्हणून टेबलफॅन, हिम म्हणून तांदळाचं पीठ, जहाज म्हणून साबणाची डबी. बर्फाचा कारखाना सुट्टीमुळे बंद होता, म्हणून बाजारात मासळी विकणाऱ्या जाईबाईंकडे गेलो. त्यांनी अर्धी लादी दिली, पण "माजा बरफ माला परत पायजे हाय" असा दम भरला, आणि विश्वास नसल्याने टोपली घेऊन स्वतःच समोर येऊन बसल्या.

भाषण बरं चाललं होतं. लादी फोडून पाण्यात सोडलेल्या बर्फावर पीठ पसरून मी ऐटीत पंखा लावला. क्षणात सगळं हिम पहिल्या रांगेवर गेलं. बाजीराव भुवयांसकट पांढरे झाले, आणि झेंडावंदनाला जमली नव्हती एवढी माणसं हसायला जमली. पण बर्फाचे तुकडे मात्र खरंच एका कडेला जाऊन चढले आणि साबणाची डबी त्यांत घट्ट रुतली. मी विजयाने सांगितलं, की बघा, हिवाळ्यातल्या वादळांनी असा रचलेला बर्फ उन्हाळ्यातही लवकर वितळत नाही. जहाज यात शिरलं की संपलं.

तेवढ्यात बाजीरावांच्या घरून हाक आली, की माझा फोन आहे. सुनीतीच्या ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, जहाज बर्फात अडकलंय, सगळे सुखरूप आहेत, काळजीचं कारण नाही. आप्पा, इतकी वर्षं नुसतं हं म्हणत ऐकलेलं सगळं मला फोन ठेवून जिना उतरताना एकदम समजलं.

खाली आलो. तोंड बघून सगळे काय झालं विचारू लागले, तेव्हा सांगावंच लागलं. जाईबाई म्हणाल्या, "आता कसं सुटल रं तिचं जाज?" मी म्हटलं, वारा फिरला पाहिजे. तोच वारा उलटा वाहिला की बर्फ मोकळा होतो, सुनीती म्हणायची. बाजीराव उठले, पंखा उचलून पलीकडे नेऊ लागले, तर वायर तोकडी पडली आणि पंखाच बंद. मग त्यांनी हातातला पेपर घडी करून पलीकडून वारा घालायला सुरुवात केली. बायकांनी पदर हलवले, पुरुषांनी टोप्या, जाईबाईंनी टोपलीवरचं झाकण. अख्खी सोसायटी घंगाळाभोवती ओणवी होऊन वारा घालत होती, आणि बर्फ हळूहळू हलला, फट पडली, डबी बाहेर आली. टाळ्या झाल्या. मी डोळ्यांत पीठ गेलं असं सांगून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो.

नंतरचे दिवस वाईट गेले. रोज कुणी ना कुणी डबा आणून ठेवायचं (तेव्हा पोहे सुटले होते) आणि बाजीरावांनी फोनसाठी घराचं दार दिवसभर उघडं ठेवलं. शेवटी काल निरोप आला. तिकडे वारा फिरला. जहाज मार्चात गोव्याला लागेल. जाईबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं झालं. अन् माजा बरफ?"

आपला,
अरविंद

ता. क. आईंना सुनीती गोव्यातच ट्रेनिंगला आहे असं आपण सांगितलं आहे, हे आत्ता आठवलं. तरी हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये.

ता. क. २. आपण पत्र आधी मनात न वाचता थेट आईंसमोर मोठ्याने वाचता, हेही आत्ताच आठवलं. आई, नमस्कार.

ता. क. ३. खरं काम असं, की मार्चात आपण दोघांनी गोव्याला यावंच. धक्क्यावर तिचे सगळे साहेब असणार आणि तिला बघून माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. आई शेजारी असल्या, की त्यांच्या रडण्यात माझं खपून जाईल.