नाव रेघेवर आलं पाहिजे

२ ऑक्टोबर १९८९, सोमवार
चर्चच्या टर्कीच्या जेवणाची तिकिटं यंदा मी छापणार. माझ्याबरोबर जेवणाचं बघणारी थेल्मा म्हणाली, आर्डिस, हातानेच लिहू की दरवर्षीसारखी. म्हटलं, लायफचा प्रिंटर काय मी धूळ खायला ठेवलाय? माझा नवरा लायफ त्यावर बियाण्याच्या पोत्यांची लेबलं छापायचा. त्याला जमलं, मला का नाही? सहा यत्ता झाल्यात माझ्या.
कोण कुठे बसणार तेही मीच ठरवलं. मी तीन नंबर टेबलावर, गुद्रुनशेजारी. नणंद आहे. लायफ गेल्यापासून दीड वर्षात एकदा जेवायला बोलावलं नाही. मला त्याचं काही नाही.

५ ऑक्टोबर
कोरी तिकिटं रेजायनाहून आली. प्रिंटरचं पुस्तक वाचलं. प्रिंटरला आधी सत्तावीस नंबर पाठवायचा, की तो कान टवकारतो. मग डॉलरची खूण, मग नाव कुठे सुरू करायचं तो आकडा. इंचाचे साठ भाग. तिकिटावर नावाची रेघ डाव्या कडेपासून तीन इंचावर, म्हणजे एकशे ऐंशी. सोपं आहे. लोक उगाच घाबरतात.

७ ऑक्टोबर, दुपारी
पहिलं तिकीट माझंच. नाव आणि टेबलाचा नंबर बरोबर रेघेवर. दहा मिनिटं बघत बसले. दाखवायला कोणी नव्हतं.
मग शोभेसाठी डावीकडे वीस अक्षरांचा समास घातला, बाकीची लावून दिली आणि कॉफी करायला गेले.
येऊन बघते तर सगळी नावं उजवीकडे, फाडायच्या तुकड्यावर. मेला कडेपासून नाही, समासापासून मोजतो! हे पुस्तकात बारीक अक्षरात. कोरी तिकिटं संपली. पण नाव तिकिटावरच आहे ना? उलट तिथे मोकळं, छान दिसतं.

९ ऑक्टोबर
थँक्सगिव्हिंग, आमचा सुगीचा सण. गुद्रुनकडे सगळे जमले असतील. फोन आला नाही. लाइन बिघडली असेल. उचलून पाहिला, चालू होता. अंडं उकडून खाल्लं. रविवारी चर्चच्या जेवणाला शेजारीच बसायचंय, मग आज कशाला?

१५ ऑक्टोबर, रविवार
दारावर मीच. उजवा तुकडा फाडून डब्यात टाकायचा, डावा माणसाच्या हातात. वर्षानुवर्षांची पद्धत. तीसेक माणसं आत गेल्यावर थेल्मा धावत आली. अगं बाई, कुणाच्याच तिकिटावर नाव नाही, टेबल नाही! बसवू कुठे?
सगळी नावं माझ्या डब्यात.
म्हटलं, थांबवा, जुळवून देते. कोण थांबतंय! जो तो मिळेल तिथे बसला. म्हातारा टॉर्गिर्सन ओरडला, आर्डिस, वीस वर्षं त्याच माणसांचं गुडघेदुखीचं पुराण ऐकत जेवलो. आज सुटलो बघ! सगळे खो खो हसले. इतकं हसरं जेवण कधी झालं नव्हतं.
सगळे आत गेल्यावर तीन नंबरला गेले. गुद्रुनशेजारी पोस्टातली बाई. मी तिकीट पुढे केलं. गुद्रुन म्हणाली, अगं, आज कोण तिकीट बघतंय? बस की कुठेही.
उरलेली जागा स्वयंपाकघराच्या दाराशी होती. एकाच खुर्चीची. अख्ख्या हॉलमध्ये बरोबर छापलेलं तिकीट फक्त माझं.