राणीच्या तोंडाचं कुलूप

३ मार्च

पोहोचलो एकदाचा. ट्रंक, गादी, हत्यारांची पेटी आणि मी, सगळे धडधाकट. पेटी जावयांनी स्वतः उचलून आत नेली. मी नको नको म्हणत होतो, कारण तिकडे टेम्पोत चढवताना दोन हमालांच्या नाकी नऊ आले होते. जावई फक्त हसले. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. चार वर्षांपूर्वी याच एका गुणावर मी त्यांना पसंत केलं होतं. माझी पारख चुकली नाही.

घर बैठं आहे. पुढच्या खोलीत जावयांचं काम चालतं. दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या ते बनवून देतात. मागे गॅरेज आणि त्याला लागून माझी खोली. खोलीचं दार गॅरेजमध्येच उघडतं. आणि गॅरेजमध्ये गाडी नाही, लेथ आहे! नवाकोरा, टेबलावर मावेल एवढा. माझ्यासाठी आणून ठेवलाय म्हणे. एकतीस वर्षं टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातत काढली. मग कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही, अशा माणसाला घड्याळ! त्यानंतर आज पहिल्यांदा हाताला तेलाचा वास लागला. बरं वाटलं.

टकळी थोडी वाळली आहे. टकळी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही, म्हणून तिच्या आईनेच हे नाव पाडलं. आता ती आई नाही आणि ती टकळीही राहिली नाही. चहा दिला, पाया पडली, आत गेली. संसारात पडलं की माणूस शांत होतो.

५ मार्च

जावयांचा छंद कळला. जुन्या सिनेमांतल्या वस्तू हुबेहूब बनवायच्या. असे हौशी लोक पुष्कळ आहेत म्हणे. महिनाअखेरीस त्यांचं प्रदर्शन आहे. दुपारी जेवणानंतर त्यांनी मला तो सिनेमा दाखवला, त्यांनी लहानपणी पाहिलेला, कृष्णधवल. एक राणी राजाचं गुपित फोडते, तर राजा तिच्या तोंडाला लोखंडी कुलूप घालतो. दोन्ही गालांवर पट्ट्या, हनुवटीखाली कमान, मानेमागे खीळ. नटी डोळ्यांनी फार छान रडली आहे.

त्यांना ते कुलूप हवंय. अकरा भाग, प्रत्येकाचं ड्रॉइंग तयार, मापं सुबक अक्षरात. जावई म्हणाले, ‘बाबा, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.’ पाच वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. रात्री उगाचच चष्मा पुसत बसलो.

९ मार्च

हनुवटीची कमान झाली. टूल नीट लागलं की पोलादाची साल निळी होऊन गोल गोल निघते. ती पाहत राहावंसं वाटतं. जावयांचं डोकं दुखतं म्हणून त्यांनी गॅरेजच्या भिंतींना जाड फोम लावून घेतलाय. इथला आवाज घरातही जात नाही, रस्त्यावर तर नाहीच.

टकळी चहा घेऊन येते आणि दाराशी उभी राहून बघते. मी विचारलं, बोलत का नाहीस गं? म्हणाली, ‘बोलण्यासारखं काही नसतं, बाबा.’ मागून जावई आले. पूर्वी हिच्या बोलण्याने आपलं डोकं फिरायचं, आता पुष्कळ सुधारणा आहे, असं म्हणाले. मीही हसलो. म्हटलं, आम्ही तर सांगून सांगून थकलो होतो.

टकळी हसली नाही. कप उचलून गेली.

१४ मार्च

एक गोष्ट खटकली. डाव्या गालाची पट्टी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड लिहिली आहे. सिनेमातल्या फोटोवर फूटपट्टी लावून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्या. जावयांना म्हटलं, चूक आहे. ते म्हणाले, चूक नाही, ड्रॉइंगप्रमाणे करा. अगदी हळू बोलले. मला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. का झाला नाही, ते कळत नाही.

शिवाय बारावा भाग आला आहे. आत वळणारी पट्टी, बोटभर लांब, जिभेवर बसेल अशी. सिनेमात हे नाही. सिनेमातलं कुलूप पत्र्याचं असेल, नटीला संध्याकाळी घरी जायचं होतं. आणि खीळ पाणी दिलेल्या कडक पोलादाची हवी आहे. एकदा बसली की चावीशिवाय निघता कामा नये.

शोभेच्या वस्तूला कडक पोलाद कशाला?

१८ मार्च

मेण मागायला पुढच्या खोलीत गेलो. जावई नव्हते. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर नंबर. शेवटी फडक्याखाली काहीतरी मोठं होतं. फडकं उचललं.

अख्खा चेहरा होता. डोळे मिटलेले.

टकळी सात वर्षांची असताना जिन्यावरून पडली. डाव्या बाजूचा जबडा मोडला. सांधला, पण ती बाजू थोडी मागे राहिली. लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तिच्या आईला कळायचं, मला कळायचं. खिशात मापं घ्यायचा व्हर्नियर होता. माप घेतलं.

दोन मिलिमीटर.

१९ मार्च

जावयांना सरळ विचारलं. तेही सरळच बोलले. प्रदर्शनात वस्तू नुसती टेबलावर ठेवली तर तिची शोभा काय? ती घालणार आहे, तिची तयारी आहे, तिला विचारा. टकळीला विचारलं. तिने होकाराची मान डोलावली. ते शेजारीच उभे होते.

मी विश्वास ठेवला. खोटं कशाला लिहू? विश्वास ठेवला नाही. पण ठेवल्यासारखा लेथवर जाऊन उभा राहिलो.

२३ मार्च

तो सकाळी कवळ्या पोचवायला गेला. अर्धा तास मिळाला. टकळीला म्हटलं, चल, चप्पल घाल, दोघं निघू.

‘कुठे?’ एवढंच म्हणाली.

खरंच, कुठे? माझी तिकडची खोली मी सोडून आलोय. त्याच्याच सांगण्यावरून.

मग ती बोलली. कितीतरी दिवसांनी सलग चार वाक्यं. ‘पहिल्या वर्षी मी माहेरी आले होते ना, बाबा. दोन तास बोलत होते मी. तुम्ही विचारलंत, हात उगारतो का? मी नाही म्हटलं, तर म्हणालात, मग जरा सांभाळून घे.’

आठवलं. मी नखं कापत होतो. तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. बायको म्हणत होती, पोरीचं ऐकून तरी घ्या. मी म्हटलं होतं, हिला बडबड करायची सवयच आहे.

ती काय सांगत होती, ते आज आठवून पाहिलं. एक शब्द आठवत नाही. दोन तासांतला एक शब्द नाही.

२५ मार्च

ठरवलं. खीळ अॅल्युमिनियमची केली. वरून काळा रंग. दिसायला पोलाद, पण जोराने पिळलं तर मोडेल. टकळी चहाला आली तेव्हा कानात सांगितलं: मान डावीकडे आणि हाताने झटका. तिने ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाटलं, आनंदाचं.

२७ मार्च

तो दुपारी आला. हातात लहानसं चुंबक. काही न विचारता खीळ उचलली, चुंबक लावलं. पडलं खाली. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

‘बाबा, चिकटत नाही.’

दाराशी टकळी. मान खाली.

मी तिच्याकडे पाहिलं असणार. कसं पाहिलं ते देव जाणे, कारण ती लगेच म्हणाली, ‘त्याने विचारलं की मी सांगते, बाबा. नाही सांगितलं तर मग—’

तो फक्त तिच्याकडे वळला. ती थांबली.

२८ मार्च

गॅरेजला बाहेरून कडी. सकाळी वाटलं दार अडकलं असेल. धक्के मारले, हाका मारल्या. भिंती आवाज गिळतात. फोन टेबलावर होता, तो नाही. ग्राइंडर नेलाय, कापायची चाकंही नेली. लेथ ठेवलाय, तापवायची गॅसबत्ती ठेवली आहे. पोलादाचा तुकडा ठेवलाय. ड्रॉइंग ठेवलंय.

दाराच्या फटीतून ताट आलं. मागून त्याचा आवाज. घाई नाही म्हणाला. प्रदर्शन वगैरे काही नाही, ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं, असंही म्हणाला.

२९ मार्च

खीळ केली नाही.

दुपारी ताटाबरोबर टकळी आत. तिच्यामागे तो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. नुसता ठेवलेला. ती म्हणाली, बाबा, करा. मी नाही म्हटलं. बोटं थोडी दाबली त्याने. थोडीच. तिचा चेहरा—

करा बाबा. करा ना. पाया पडते.

३० मार्च

केली.

लाल होईपर्यंत तापवली, तेलात बुडवली. पाणी छान बसलं. मायक्रोमीटर लावला. मापात, केसाचाही फरक नाही.

आणि एक क्षण, ते माप पाहून, मला बरं वाटलं. कारागिराला वाटतं तसं. हे लिहून ठेवतो. मी कसला माणूस आहे, त्याची कुठेतरी नोंद असावी.

३१ मार्च

सकाळी. माझ्यासमोर घातलं. बसवून पाहायला मी हवा होतो त्याला. कुठे रुतत तर नाही ना, विचारत होता, मला. तिला नाही.

खीळ गेली. आवाज आला. बारीक, स्वच्छ.

तो म्हणाला, किती शांत वाटतं नाही?

१ एप्रिल

काढलं नाही अजून. चावी त्याच्या गळ्यात. तिला पातळ काहीतरी नळीने—

लिहवत नाही.

२ एप्रिल

दुपार. ताट घेऊन आली. त्याला कवळ्या पोचवायच्या आहेत. दोघांना आत ठेवून बाहेरून कडी घालून गेला. अर्धा तास.

हॅक्सॉ घेतली. खिळीवर ठेवली. घसरते. दात बोथट झाले, खिळीवर ओरखडा नाही. दुसरं पातं. तेही गेलं. माझंच काम. माझ्याच हातचं पाणी. तिची मान घासली जाते, रक्त येतंय, ती हलत नाही. तिसरं—

गेलं.

मी खाली बसलो. रडलो. तिने माझ्या हातातून हॅक्सॉ काढून घेतली.

कोपऱ्यात गोल सळई आहे. दीड इंची, हातभर. कमानीसाठी आणलेली, उरलेला तुकडा. तिने उचलून पाहिली. दोन्ही हातांनी वजन घेतलं. माझ्याकडे पाहिलं.

मी नको म्हणालो नाही.

ती दाराच्या मागे उभी आहे. दार आत उघडतं, ती दिसणार नाही. मला खुणेने सांगितलं, वही घ्या, रोजच्यासारखे बसा. म्हणून लिहितोय. त्याला संशय येऊ नये. मान वर करायची नाही. तिच्याकडे बघायचं नाही. तिच्या श्वासाचा आवाज येतो, पट्टीतून, शिट्टीसारखा. त्याला ऐकू येईल. हळू घे, बाळा, हळू—

गाडी.

फाटक.

कडी काढतोय. टकळीचा श्वास थांबला. धरून ठेवलाय तिने.

आत आला. दारातच आहे, अजून एक पाऊल हवं. हसतोय. टकळी कुठे आहे, विचारत नाही. वहीकडे बघतोय. पुढे आला. म्हणतोय, बाबा, आज काय लिहि