आंबेमोहोराची तहान

ताम्हिणी, १६ मे २००८

प्रिय क्षितिजा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, संशोधनाचा हा विषय सोडतेय, सोमवारी सरांना सांगणार." त्यावर एक गोष्ट सांगायची होती, पण धीर झाला नाही, मी पेरणीचं भलतंच काहीतरी बोलत बसलो. म्हणून हे पत्र. गावातला दयानंद उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला निघालाय, तो हातोहात देईल.

तुझ्या त्या चिमुकल्या आरएनएबद्दल तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाने बोलू नये, पण मला तो फार आवडला होता. अवघी एकवीस अक्षरं! आमच्या साध्या अनुष्टुभालाही बत्तीस लागतात. आणि काम केवढं: रोपाला तहान लागली की 'वाढा, वाढा' म्हणत पेशीत फिरणारा निरोप मधेच कापायचा, म्हणजे रोप वाढ थांबवून जीव राखतं. आमच्या शाळेत असा एक शिपाई असता, तर मुख्याध्यापकांचे निम्मे निरोप वर्गापर्यंत पोचले नसते.

मार्चमध्ये तू परसात प्लास्टिकच्या छपराखाली आंबेमोहोर भाताच्या बारा कुंड्या मांडल्यास. सहांना रोज पाणी, सहांना दहा दिवस थेंब नाही. रोज वजन करून वहीत लिहायचं काम माझं. मग तू पानं बर्फात घालून घेऊन गेलीस, आणि तहानलेल्या रोपांत तुझा आरएनए वाढलेलाच दिसला नाही. सर म्हणाले, अंदाज चुकला.

अंदाज चुकला नव्हता, बाळ. ती रोपं तहानलेली नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी पानांच्या सुरळ्या झालेल्या पाहिल्या आणि मी तांब्या घेऊन गेलो. मग रोजच. शेजारच्या धोंडाबाईने धरलंच मला. "गुरुजी, पोरीनं नगं म्हटलंय न्हवं? मग कशापायी वतताय?" मी म्हटलं, थोडंसंच. "थोडंसं म्हनं! पोर इचारंल तवा काय सांगनार?" तू विचारलंसही, पानं एवढी ताठ कशी? आंबेमोहोर चिवट असतो, असं मीच तुला पटवलं. वहीतली वजनंही रचलेली आहेत. मुलांच्या कॉप्या पकडण्यात हयात गेली माझी. खोटे आकडे आपल्याला इतके सुबक लिहिता येतात, हे मलाच नवीन होतं.

सरांना हे पत्र दाखव. नवं बी पेरलंय. या खेपेला ते दहा दिवस मी भूगावला चंद्रकांतकाकांकडे जाऊन राहीन. वजनं धोंडाबाई करील. तिला आकडे येतात आणि रोपांची दया येत नाही.

का केलंत, असं तू विचारशील. तुझ्या आईच्या शेवटच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी तोंडाने पाणी बंद केलं होतं. तू औषधं आणायला खाली गेलीस की ती माझ्याकडे चमचाभर मागायची. मी कापसाने ओठ ओले करायचो आणि 'उद्या देतो' म्हणायचो. नियम अगदी चोख पाळला. हे तुला कधी सांगितलं नाही. परसातला नियम तुझा होता, आणि तो काही मला पाळता आला नाही. रागव माझ्यावर, हवं तितकं. पण सोमवारी सरांना विषय सोडतेय असं सांगू नकोस.

तुझाच, अपराधी,
बाबा