हजेरीपटातली नावं

४ जून

ती. मामास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? आई म्हणते, तू अजून दप्तरखान्यात जमिनीवर मांडी ठोकूनच जुन्या वह्यांची बांधणी करतोस. पासष्टीचा झालास, आता तरी टेबल घे बाबा!

कामाचं म्हणजे, माझी कादंबरी संपत आली. एकशे दहा वर्षांपूर्वीची रंगाऱ्यांची गल्ली आणि तिच्यातली एकवीस माणसं. प्रकाशकबाई खूश आहेत, पण नावं त्या काळातली वाटत नाहीत म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत सगळं नीट करून दिलं नाही, तर पुस्तक वर्षभर लांबणीवर. शाळांचे जुने हजेरीपट तुझ्या हाताखालून जातात, म्हणून तुलाच साकडं घालतेय. प्रकरणं आणि नावांची यादी सोबत आहे. हातचं राखून बोलू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भाची

१२ जून

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

कंबर आहे तशीच आहे. टेबलावर बसून शिवलं की टाका सैल पडतो, हे तुझ्या आईला या जन्मी पटायचं नाही.

प्रकरणं दोनदा वाचली. पोरी, काय लिहितेस गं! निळीच्या हौदाचा तो आंबूस वास तू कुठून आणलास? वाचता वाचता मी चक्क हात सदऱ्याला पुसले.

नावांसाठी मात्र तुझा कान धरतो. तुझ्या यादीतली निम्मी नावं मी समोरच्या पाळणाघरातून रोज ऐकतो. तेव्हा कुणी अर्थ शोधून नाव ठेवत नसे. घरात कुणाचं तरी असलेलंच ठेवायचे, आजीचं नातीला, काकाचं पुतण्याला. सध्या तुझ्या कादंबरीच्याच सालचा हजेरीपट माझ्यापुढे उसवून पडलाय. चौतीस मुलींच्या वर्गात एकाच नावाच्या सहा! बाईंनी वैतागून नावापुढे लिहिलंय, उंच, बुटकी, विहिरीजवळची, शिंप्याची, रडवी, आणि सहावीपुढे नुसतंच 'ती'. तुझ्या गल्लीत एकवीस माणसांची एकवीस नावं, हे कसं काय जमलं बुवा? चार-पाच खुशाल सारखी कर. माझी यादी जोडली आहे.

एका नोंदीपाशी मात्र हात थांबला. एका रंगाऱ्याची मुलगी, नावावर रेघ, शेजारी 'वारली'. सात वर्षांनंतरच्या वहीत तोच बाप, तेच घर, तेच नाव. गेलेल्या मुलीचं नाव पाठच्या मुलीला दिलेलं. असं पुष्कळदा आढळतं.

तुझ्या लेखणीचं कौतुक करून न थकणारा,
मामा

१९ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू म्हणजे कमाल आहेस! नावं बदलली आणि गल्ली बोलायलाच लागली. आता एकीला हाक मारली की तिघी वळून बघतात, आणि भांडणंसुद्धा त्यावरूनच होतात. मी तीन वर्षं ग्रंथालयं पालथी घातली. तुला हे नुसतं टाके उसवताना कळलं, म्हणजे बघ.

ती रंगाऱ्याची दुसरी मुलगी आता माझी नायिका आहे. पण एक प्रकरण काही केल्या जमत नाही. तिची आई तिला त्या नावानं हाक मारते, एवढंच लिहायचंय. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. कधी पोर ढसाढसा रडते, कधी गेलेल्या बहिणीचा राग राग करते, आणि सगळं खोटं वाटतं. खरं सांगू, भीती वाटते. हे चुकलं तर सगळं पुस्तकच खोटं पडेल. असं नाव घेऊन जगणाऱ्याला काय वाटत असेल रे? एवढ्या नोंदी पाहिल्यास, तूच सांग.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
भाची

२४ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

हजेरीपटात ते लिहिलेलं नसतं. पण मी सांगू शकतो, कारण मीही तसाच आहे.

माझ्या आधी एक भाऊ होता. चार वर्षांचा असताना तापानं गेला. पुढच्या वर्षी मी झालो, आणि तुझ्या आजोबांनी त्याचंच नाव मला दिलं. आजीनं विरोध केला नाही, पण ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. ती मला धाकू म्हणायची. म्हणून तुझी आई धाकूदादा म्हणते. म्हणजे नक्की धाकटा की मोठा, असं विचारून तू लहानपणी हसायचीस.

मला राग कधी आला नाही गं. रडूही नाही. फक्त शाळेत हजेरी घेताना मी क्षणभर थांबायचो. दुसरं कुणी 'हजर' म्हणतंय का ते बघायचो, आणि मग म्हणायचो.

आजीचं शेवटचं वर्ष तुला आठवत असेल, माणसं ओळखायची नाही. एका दुपारी मी तिला चहा पाजत होतो. तिनं दाराकडे पाहून ते नाव घेतलं, पुरतं, मोठ्यानं. उन्हातून घरात ये म्हणाली. पन्नास वर्षं मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. हाक मला नव्हती, हे तेव्हाच कळलं. पण त्याला काही येता येणार नव्हतं. म्हणून कप खाली ठेवला, दारापर्यंत गेलो आणि तिथून ओ दिली.

तेव्हा कुठे ती निवांत टेकली. हेच लिही. तू खरं लिहिशील, याची मला खात्री आहे.

आम्हा दोघांवरही माया असू दे.

मामा