छत्र्या मोडल्या, पाऊस थांबेना

४ ऑगस्ट

परत पाऊस! ओढा उतरायचं नाव नाही. जीपचा ड्रायव्हर तंबूत पाय ताणून पडलाय. निघू म्हटलं तर म्हणतो, "मी काय होडी चालवतो का?" तिकडे बायकोचे दिवस भरत आलेत, आणि मी इथं जंगलात संशोधक बाईंच्या नमुन्यांच्या बाटल्या धुतोय.

६ ऑगस्ट

टेकडीवर चढलो, तिथंच फोन लागतो. वहिनीनं उचलला. "अजून वेळ आहे, भावोजी. पाऊस थांबल्याशिवाय निघायचं नाही. शपथ आहे माझी!"

मागे मांजर ओरडत होतं. मांजर कधी पाळलं? म्हणाली, "पाळलं कुठं, आलंय. दूध मिळालं की गप्प बसतं."

बायकोला दे म्हटलं, तर झोपलीय म्हणे. भर दुपारी! ती कधीपासून दुपारची झोपायला लागली?

७ ऑगस्ट

पाऊस. डोकं फिरायची वेळ आलीय.

८ ऑगस्ट

बाईंना विचारलं, एवढा पाऊस येतो कुठून? त्या इथं कुत्र्याच्या छत्र्यांचा अभ्यास करायला आल्यात. कुजक्या ओंडक्यांवर उगवतात त्याच. म्हणाल्या, "थोडा यांच्यामुळंही येत असेल."

वाटलं, थट्टा करतायत. तर नाही! छत्रीतून बी उडतं, धुरासारखं बारीक. वाऱ्यानं वर जातं, त्याला वाफ चिकटते, थेंब धरतो. पाऊस पडला की पुन्हा छत्र्या, पुन्हा बी. "यांचा हात किती, ते अजून नीट कळलेलं नाही. तेच तर शोधतेय."

म्हणजे वैरी पायाखालीच!

९ ऑगस्ट

सकाळपासून लाथा घालत सुटलो. तंबूमागच्या, ओढ्याकाठच्या — एक ठेवली नाही. आडव्या झाडाखाली कोरड्यात चेंडूसारख्या गोल होत्या, त्यांची तर मजाच! लाथ बसली की फस्स! तपकिरी धूर. शिंकून शिंकून नाक लाल.

बाईंनी पाहिलं. आता मेलो म्हटलं. तर कपाळाला हात लावून खालीच बसल्या, हसू आवरेना. "अरे शहाण्या, तो धूर म्हणजेच बी! हळूहळू उडालं असतं, ते तू एका लाथेत उडवलंस."

ड्रायव्हर म्हणतो, "घ्या! पावसाला आवतण द्यायला पगारी माणूस ठेवलाय."

मग बाईंना खुणेचा लाल दोरा चिखलात दिसला. हसणं थांबलं. त्यातल्या काही छत्र्या त्यांच्या रोजच्या मोजणीतल्या होत्या. एवढंच विचारलं, "कसली घाई आहे तुला?" सांगितलं. दोरा उचलून पुसत बसल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

१० ऑगस्ट

मुसळधार. ड्रायव्हर माझ्याकडे बघून नुसता खोकतो.

१४ ऑगस्ट

उघडलं! ओढा गुडघ्याएवढा. बाईच ड्रायव्हरला म्हणाल्या, "याला आधी पोचवा. राहिला तर उरलेल्यांचाही फडशा पाडेल." वर मला म्हणाल्या, "बाळ झालं की निरोप पाठव." चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ ऑगस्ट

घरी. वहिनी दारातच — "सांगितलं असतं तर भरल्या ओढ्यात उडी घातली असती तुम्ही!" घातली असती. खोटं कशाला बोलू.

नाळसुद्धा गळून गेलीय. मुलगी. मी आत गेलो आणि ती रडली, आवाज लगेच ओळखला.

मांजर नव्हतं ते.